बारावीचं इंग्रजी: वाचून कळतं, ऐकून का निसटतं?
गडमुडशिंगीहून कोल्हापूरला कॉलेजला जाणाऱ्या, मराठी माध्यमातून आलेल्या अनेक मुलांची अडचण हीच. मराठीत शब्द बहुतेक सुटा ऐकू येतो; इंग्रजीत 'टू', 'फॉर', 'अँड' बोलताना अर्धे गिळले जातात. त्यामुळे ओळखीचं वाक्यही अनोळखी वाटतं. उपाय कंटाळवाणा, पण लागू पडणारा: मोबाइलवर इंग्रजी बातम्यांचं एक मिनिट ऐकून लिहून काढायचं, पुन्हा ऐकून गाळलेले शब्द भरायचे.

राज्य मंडळाच्या परीक्षेत लेखी 80, तोंडी 20 गुणांची. ऐकण्याची चाचणी तोंडीत येते. लेखीत 'रायटिंग स्किल्स'चे 16 गुण, 4 गुणांचे चार प्रश्न. गाइडमधला ईमेल पाठ केला, तर विषय बदलताच गाडी अडते. त्यापेक्षा गावासाठी केएमटीची जादा फेरी मागणारा ईमेल स्वतः लिहून बघावा. वाक्यं छोटी चालतील.