अश्वपृष्ठावरील उपचार

भोपाळच्या भेल वसाहतीतील बरखेडा हा भाग १९५६ साली स्थापन झालेल्या अवजड विद्युत् कारखान्यामुळे नावारूपास आला. पोटामागे तेथे गेलेल्या देशभरच्या कुटुंबांत मराठी कुटुंबेही होती. अशा एखाद्या घरात सेरेब्रल पाल्सीचे मूल असेल, तर आईवडिलांना व्यायामोपचाराची वाट ठाऊक असते. घोड्याची वाट सहसा सुचत नाही. वास्तविक त्याच शहराच्या दुसऱ्या अंगाला, बिशनखेडीस, मध्य प्रदेश शासनाची अश्वारोहण अकादमी आहे. घोडे, प्रशिक्षक, मैदान असा सारा सरंजाम तेथे पदकांसाठी सिद्ध आहे. आठवड्यातील दोन सकाळी तो अपंग मुलांच्या कामी यावा, असे आम्हांस आग्रहाने सुचवावेसे वाटते.

घोड्याचा आणि व्याधीचा संबंध काय, असे वाचक विचारतील. घोडा संथ चालू लागला की त्याची पाठ पुढे-मागे, वर-खाली आणि डावी-उजवीकडे एका लयीत हलते. स्वाराच्या कमरेला त्यातून मिळणारी गती माणसाच्या चालण्यातील गतीशी पुष्कळ जुळते. जे मूल कधी चाललेच नाही, त्याच्या कण्याला चालण्याचा अनुभव बसल्या जागी येतो. तोल सावरताना पाठीचे स्नायू कामाला लागतात, ताठरलेल्या मांड्या जनावराच्या उबेने सैल पडतात. शिवाय सदैव मान वर करून इतरांकडे पाहणारे मूल प्रथमच सर्वांकडे वरून पाहते. याचे मोल कोणत्या मापाने करावे?

डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांना १९४४ साली पोलिओने गाठले. गुडघ्याखालचे पाय कायमचे दुबळे झाले. घोड्यावर चढण्या-उतरण्यासही त्यांना आधार लागे. तरीही १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या बरोबरीने उतरून त्यांनी अश्वचालनात रौप्यपदक मिळविले, आणि १९५६ मध्ये पुन्हा तेच करून दाखविले. ब्रिटनमध्ये अपंगांच्या अश्वारोहणाची राष्ट्रीय संघटना १९६९ साली उभी राहिली. १९९६ पासून पॅरालिंपिकमध्येही अश्वारोहण आहे.

अर्थात हा काही रामबाण नव्हे. खुब्याचा सांधा निखळलेला असेल, अपस्मार आटोक्यात नसेल, मानेचे मणके अस्थिर असतील, तर घोडा अपाय करील. वैद्याच्या संमतीवाचून कोणी मुलाला खोगिरावर चढवू नये. एका मुलामागे बहुधा तीन माणसे लागतात: एक लगाम धरणारा, दोघे दोन्ही बाजूंनी चालणारे. खर्चाचे खरे कारण घोड्याचा चंदी-चारा नव्हे, ही माणसे आहेत.

भोपाळविषयी लिहिताना १९८४ च्या डिसेंबरातील ती रात्र टाळता येत नाही. रशीदा बी आणि चंपादेवी शुक्ल या दोन गॅसपीडित स्त्रियांनी २००४ च्या गोल्डमन पुरस्काराच्या रकमेतून चिंगारी ट्रस्ट उभारला. गॅसपीडितांच्या अपंग मुलांवर तेथे विनामूल्य उपचार होतात. दोन कष्टकरी स्त्रिया पुरस्काराचा पैसा असा खर्च करतात, तर शासनाने आपल्या घोड्यांची दोन सकाळींची फुरसत द्यावयास हात आखडता का घ्यावा? २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे एकवीस प्रकार मानले, सरकारी कागदांत ‘दिव्यांग’ हा भारदस्त शब्दही आला. कचेऱ्यांच्या पायऱ्या मात्र पुष्कळ ठिकाणी आहेत तशाच आहेत.

आमच्या किनाऱ्यावर घोडा परका असला, तरी घाटापलीकडे तो घरचा आहे. सारंगखेड्याला दत्तजयंतीस घोड्यांचा बाजार भरतो. भीमथडीच्या तट्टाला तर अलीकडे स्वतंत्र जात म्हणून मान्यताही मिळाली आहे. या उपचाराला उंची, वेग वा रुबाब नको. बेताच्या चणीचे, न बुजणारे, सोशिक जनावर हवे. तेव्हा पशुसंवर्धन खात्याने अशी चार-सहा तट्टे निवडून एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या व्यायामोपचार विभागाकडे सोपवावीत आणि दोन वर्षे मुलांच्या प्रगतीची काटेकोर नोंद ठेवावी. त्यासाठी नवी इमारत नको, उद्घाटनाची फीतही नको. मऊ मातीचे एक रिंगण आणि चढण्यासाठी एक उतरता ओटा पुरे.