कॅमेरा कुठे बघतोय?

२७ जून २०२५ ला शेफाली जरीवाला गेली. वय अवघं ४२. दुसऱ्या दिवशी बहुतेक बातम्या एकाच शब्दांनी सुरू होत होत्या : ‘कांटा लगा गर्ल’! तो व्हिडिओ २००२ सालचा. मधल्या तेवीस वर्षांत तिने डान्सचे रिअॅलिटी शो केले, ‘बिग बॉस’मध्ये गेली, पण नावाच्या आधी लागलेलं ते विशेषण काही सुटलं नाही. अर्थात तिची स्वतःची त्याला हरकत नव्हती. उलट ती ओळख आवडते, असं तिने मुलाखतींत सांगितलं होतं. आपल्यासाठी आणखी एक गोष्ट : व्हिडिओ केला तेव्हा ती चक्क इंजिनिअरिंगला होती. तिनेच सांगितल्याप्रमाणे तिला त्याचे ७,००० रुपये मिळाले.

तो व्हिडिओ आला तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. पण त्यावरचा वाद मला पाठ आहे, कारण घरोघरी तो अजून तसाच चालतो. एक बाजू म्हणते, “काय ते कपडे! शी!” दुसरी म्हणते, “तिची मर्जी, तुम्हाला काय करायचंय?” दोन्ही बाजू फक्त कपड्यांबद्दल बोलतात. मला वाटतं, बघायची गोष्ट कपडे नाहीच. कॅमेरा कुठे उभा आहे आणि कोणाच्या वतीने बघतोय, ते आधी बघायला हवं.

हे माझं डोकं नाही हं! लॉरा मल्व्ही नावाच्या ब्रिटिश अभ्यासक बाईंनी १९७५ साली एक निबंध लिहिला. सिनेमाचा कॅमेरा बहुतेक वेळा पुरुषाच्या डोळ्यांनी बघतो, असं त्यांचं म्हणणं. पुरुष बघणारा, बाई बघण्याची वस्तू. त्यांच्या मते सिनेमात तीन नजरा असतात : कॅमेऱ्याची, प्रेक्षकाची आणि पडद्यावरच्या पात्रांची एकमेकांकडे बघण्याची. पहिल्या दोन नजरा तिसरीच्या आड लपतात. म्हणजे आपण ‘बघतोय’ हे आपल्याला जाणवतच नाही. मी कॉन्व्हेंटवाली असल्यामुळे (संपादक मंडळाला माझं शुद्धलेखन माहीत आहेच!) याला मराठी शब्द कोणता, हे आजीला विचारलं. ती म्हणाली, “अगं, त्यात काय! टक लावून बघणं. नाहीतर बघे म्हण.” बघे! रस्त्यावर काही झालं की गोळा होतात तेच. मला तर हा शब्द मल्व्हीबाईंपेक्षा चपखल वाटला.

आता हे प्रत्यक्ष कसं होतं? अगदी सोपी जोडणी आहे. पहिल्या शॉटमध्ये एक मुलगा कुठेतरी बघतो. दुसऱ्या शॉटमध्ये त्याला जे दिसतं ते आपल्याला दिसतं. झालं, आपण त्याच्या डोळ्यांमागे जाऊन बसलो. मुलगी प्रेक्षक असली तरी तिथेच बसते, दुसरी खुर्चीच ठेवलेली नसते! दुसरी युक्ती म्हणजे तुकडे. कॅमेरा पायापासून वर सरकतो, कमरेशी रेंगाळतो, मग ओठ, मग पुन्हा कंबर. चेहऱ्याला राग येतो, कंटाळा येतो, हसू येतं. कमरेला काही वाटत नाही. त्यामुळे चेहरा वगळून बाकीचे तुकडे जितके जास्त, तितकी ती बाई ‘कोणीतरी’ राहत नाही. तिसरी युक्ती स्लो मोशनची, आणि ती आपल्या विषयातली आहे. सेटवर गाणं दुप्पट वेगाने वाजवतात, मुलगी त्या वेगाने ओठ हलवते आणि कॅमेरा सेकंदाला २५ च्या जागी ५० फ्रेम घेतो. नेहमीच्या वेगाने दाखवलं की ओठ गाण्याशी बरोबर जुळतात, पण केस आणि ओढणी हवेत तरंगतात. म्हणजे जी नजाकत आपल्याला दिसते, ती शूटिंगच्या वेळी बिचारीची धावपळ असते.

कपड्यांचा संबंध थोडाच, हे पटत नसेल तर सिनेमातल्या लावण्या बघा. नऊवारीत अंग झाकलेलं असतं, तरी कॅमेरा काय काय शोधून काढतो! तमाशाच्या फडात निदान लावणीवाली समोरच्या बघ्यांच्या डोळ्याला डोळा देऊन त्यांची टिंगल करू शकते. कॅमेऱ्याची टिंगल कशी करणार?

ही फूटपट्टी जुन्या गाण्यांना लावून बघितली. भारतात चॅनल व्ही १९९४ ला आणि एमटीव्ही १९९६ ला आलं. त्याच काळात, १९९५ मध्ये, अलिशा चिनॉयचं ‘मेड इन इंडिया’ गाजलं. त्यात अलिशा राणीसारखी बसलेली, आणि तिच्यासमोर देशोदेशीचे पुरुष हजर होतात. ती निवडणार! शेवटी पेटीतून आपले मिलिंद सोमण निघतात, आणि शर्ट न घालता. इथे बघणारी बाई आहे, आणि गाणारीही तीच आहे.

‘कांटा लगा’ची गंमत अशी की गोष्टीत तिथेही मुलगीच बघते. उघड्या अंगाच्या पुरुषांचे फोटो असलेलं मासिक ती बिनधास्त चाळते. कागदावर हे केवढं धीट आहे! पण कॅमेऱ्याने ती धिटाई काही फार वेळ ऐकून घेतली नाही. तो तिच्या जीन्सच्या वर दिसणाऱ्या पट्टीकडे गेला आणि लोकांच्या लक्षात तीच राहिली. दिग्दर्शकांच्या जोडीत विनय सप्रू यांच्याबरोबर राधिका राव, म्हणजे एक बाई होती. तेव्हा कॅमेऱ्यामागे बाई आली की प्रश्न सुटला, असं गणित सरळ सुटत नाही.

आता या व्हिडिओतला आवाज बघू. मूळ गाणं ‘समाधी’ सिनेमातलं, १९७२ चं, आर. डी. बर्मनचं संगीत, लताबाईंचा आवाज. रिमिक्समध्ये ते दुसऱ्या गायिकेने गायलं. तिचं नाव तुमच्या वर्गात विचारून बघा, मी विचारलं, एकालाही आलं नाही. एका बाईचा आवाज, दुसरीचं शरीर, तिसरीची मूळ कीर्ती, आणि गाणं तिघींपैकी कोणाच्याच मालकीचं नाही. याला कारण कायदाही आहे. तेव्हाच्या कॉपीराइट कायद्यात मूळ गाणं येऊन दोन वर्षं उलटली की नोटीस देऊन आणि ठरलेली रॉयल्टी भरून नव्याने रेकॉर्ड करता येत असे. मूळ मालकाची परवानगी लागतेच असं नव्हतं. म्हणजे चाल तयार, शब्द तयार, लोकांना आधीच पाठ. नवं विकायला उरलं काय? चित्र! आणि चित्रात सगळ्यात स्वस्तात मिळणारी गोष्ट म्हणजे नवीन मुलगी. २०१२ च्या दुरुस्तीने दोन वर्षांची पाच झाली आणि मूळ रचनेत मनाप्रमाणे बदल करण्यावर बंधन आलं. तोपर्यंत ती लाट ओसरलीही होती.

त्याच काळात वेगळंही चाललं होतं, हे विसरून चालणार नाही. फाल्गुनी पाठक शर्ट-पँट आणि आखूड केसांत आपल्याच व्हिडिओत फिरायची, आणि गोष्ट असायची मुलीच्या बाजूने : तिला कोण आवडतो, ती काय करते. आणि २००० साली ‘ब्रेकथ्रू’ संस्थेने ‘मन के मंजीरे’ आणलं. गायिका शुभा मुद्गल, पडद्यावर मीता वशिष्ठ. घरातला छळ सोडून बाहेर पडलेली बाई ट्रक चालवते. ही गोष्ट शमीम पठाण या खऱ्या बाईवर बेतलेली आहे. त्यात कॅमेरा मीताच्या चेहऱ्यावर असतो, स्टीअरिंगवरच्या हातांवर असतो, नाहीतर तिला दिसणाऱ्या रस्त्यावर. हात हाही शरीराचा तुकडाच की! पण तो तुकडा काम करतोय.

बायकांच्या असभ्य चित्रणाविरुद्धचा कायदा आपल्याकडे १९८६ पासून आहे. त्याचं लक्ष मात्र आकृतीवर, शरीरावर, त्याच्या भागांवर. नजर कुठल्या कलमात मोजणार? आपल्या गॅदरिंगलाही तेच. मुलींचा डान्स असला की ड्रेस आधी दाखवायचा, पाठ किती, बाही किती. मुलांना कोणी विचारत नाही. गेल्या वर्षी आम्ही सातजणी नऊवारीत नाचलो, ड्रेस कमिटीने पास केलेला. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर जी क्लिप फिरली, तिच्यात सातजणी नव्हत्याच. कोणीतरी तिसऱ्या रांगेतून झूम करून एकीचीच कंबर साडेतीन मिनिटं धरून ठेवली होती. चेहरा शेवटी, तोही अर्धा. ती मुलगी यंदा नाचणार नाही म्हणते. घरी कळलं तर काय, ही भीती वेगळीच. आणि ज्याने काढली त्याला कोणी फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकवलं नव्हतं. पण झूम कुठे थांबवायचा, हे त्याच्या बोटांना बरोबर माहीत होतं.

यंदा आम्ही कमिटीकडे अर्ज दिलाय. ड्रेस तपासा हवं तर, पण मुलांचेही तपासा. रेकॉर्डिंग हॉलच्या मागून, ट्रायपॉडवरून, पूर्ण स्टेज दिसेल असं एकच होईल आणि ते आमच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दोघी करतील. बाकी मोबाइल खिशात. ‘हॉलमध्ये शेकडो मोबाइल, कोण लक्ष ठेवणार?’ असं उत्तर तोंडी मिळालं आहे, लेखी यायचंय. ती मैत्रीण तोवर प्रॅक्टिसला येऊन बसते. अजून नाचत नाही, फक्त स्टेप्स चुकल्या की ओरडते.