शीव कोठें आहे?

मध्य रेल्वेवरील ज्या स्टेशनास इंग्रजींत सायन म्हणतात, त्याचें मराठी नांव शीव. शीव म्हणजे हद्द. एके काळीं मुंबई बेट येथें संपे आणि पलीकडे साष्टी लागे. त्यावरूनच हें नांव पडलें, असें सांगतात. पुढें महापालिकेची हद्द १९५० सालीं जोगेश्वरी व भांडुपपर्यंत, आणि १९५७ सालीं दहिसर व मुलुंडपर्यंत गेली. तेव्हां शीव आतां मुलुंडास आहे, असें कोणी म्हणेल. तें खरें, परंतु महापालिकेपुरतेंच.

कारण जिल्ह्याची हद्द जुन्या शिवेजवळच पुन्हां उमटली. १ ऑक्टोबर १९९० रोजीं बृहन्मुंबई जिल्ह्याचे दोन भाग झाले आणि वांद्रें, कुर्ला येथून पुढचा मुलूख उपनगर जिल्हा ठरला. महापालिका एक, कलेक्टर मात्र दोन!

या जिल्ह्यांत तालुके तीनच : अंधेरी, बोरिवली व कुर्ला. घाटकोपर आणि मुलुंड एवढीं मोठीं, पण दोन्ही कुर्ला तालुक्यांत मोडतात. नव्या गृहस्थास हें बहुधा खरेदीखत हातीं आल्यावर कळतें. त्यांत ‘मौजे मुलुंड, तालुका कुर्ला’ असें वाचून तो दचकतो. जन्माची पुंजी घातलेलें घर भलत्याच गांवीं नोंदलें गेलें कीं काय, अशी धास्ती त्याला वाटते. चूक कांहींच नसते. महसुलाच्या दप्तरीं मुलुंड अद्याप गांवच आहे, मग त्यावर कितीहि मजले चढोत. त्याच घराची घरपट्टी मात्र महापालिकेच्या ‘टी’ विभागांत भरावयाची.

मुलुंडपुढें इमारतींची रांग न तुटतां ठाणें लागतें. महापालिका बदलते, जिल्हा बदलतो, मोटारींवरील एम्. एच्. ०३ चा ०४ होतो. २०१७ सालीं जकात उठली. तोंवर नाक्यावर मालमोटारी खोळंबत, म्हणून हद्द डोळ्यांना तरी दिसे. टेलिफोनखात्यास ती ठाऊकच नाहीं : मुंबई, ठाणें, नवी मुंबई, सर्वांस ०२२. टपालखात्यानें अर्धी मानली आहे. मुलुंड पश्चिमेस ४०००८०, तर ठाण्यास ४००६०१.

यांत कोणाचा गलथानपणा आहे, असें मला वाटत नाहीं. जमिनीचें दप्तर हलविलें तर पिढ्यान् पिढ्यांचे हक्क हलतात, म्हणून तें जुन्या गांवाला चिकटून राहतें. टेलिफोनाची तार वस्तीमागें धांवते. आणि मतदारसंघ तर माणसें मोजून आंखावयाचा असतो; म्हणूनच दक्षिण-मध्य मुंबईच्या एकाच खासदारास शहर जिल्ह्यांतील धारावीहि संभाळावी लागते आणि उपनगरांतील चेंबूरहि.