एंजिनाला आवर घालावा का?

स्थानकात उभ्या असलेल्या एस. टी. बसमध्ये तुम्ही कधी ना कधी बसला असालच. ड्रायव्हर एंजिन चालू करतो आणि गाडी जागची हलण्यापूर्वीच खिडक्यांच्या काचा खडखडू लागतात, समोरच्या बाकाची दांडी थरथरते, मांडीवरच्या डब्याचे झाकण वाजते. पण गाडी रस्त्याला लागली, एंजिन जोरात फिरू लागले, की हा थरथराट बराचसा नाहीसा होतो. जास्त जोरात चालणारे यंत्र कमी हादरवते, हे उलटेच नाही का? या कोड्याचे उत्तर हाती आले म्हणजे मोटारींच्या हौशी मालकांना पडणारा एक प्रश्नही सोडवता येतो.

मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानांत ‘एंजिन डॅम्पर’ नावाचे एक उपकरण मिळते. (खडी वाहणारा डंपर तो वेगळा!) दिसायला ते मोटारसायकलच्या मागच्या चाकाजवळ असणाऱ्या शॉकअ‍ॅब्सॉर्बरसारखे, पण त्याहून सडपातळ असते. त्याचे एक टोक एंजिनाला आणि दुसरे गाडीच्या सांगाड्याला बोल्टने जोडतात. विकणारे सांगतात, याने एंजिन डुलत नाही, गिअर अलगद पडतात, गाडी चटकन उचल घेते. आता समजा, तुमच्या मामाने हे आपल्या गाडीला बसवायचे मनात आणले आणि तुम्हाला विचारले, “शाळेत तुला पदार्थविज्ञान शिकवतात ना? मग सांग, पैसे सत्कारणी लागतील की पाण्यात जातील?” तर काय सांगाल?

प्रथम एंजिन डुलते का, ते पाहू. हातातल्या विजेच्या ड्रिलने लाकडाला भोक पाडताना टोक मध्येच अडकले, तर ड्रिल हातातल्या हातात उलट्या दिशेने फिरू पाहते. न्यूटनचा तिसरा नियम तो हाच. एंजिन चाकांना ज्या दिशेने पीळ देते, त्याच्या उलट दिशेने तेवढाच पीळ एंजिनाच्या स्वतःच्या अंगावर येतो. शास्त्रीय भाषेत या पिळाला परिपीडन म्हणतात.

हा उलटा पीळ किती मोठा, हे गाडीच्या रचनेवर अवलंबून असते. जुन्या अ‍ॅम्बॅसडरचे एंजिन पुढे व लांबीच्या दिशेने बसवलेले आणि जोर मात्र मागच्या चाकांना. तिथे शेवटच्या दंतचक्रांत वाढणारा पीळ मागच्या आसावर येतो आणि पाट्यांच्या स्प्रिंगा तो सोसतात. एंजिनाच्या वाट्याला त्यातला काहीच भाग येतो. पण १९५९ साली ब्रिटनमध्ये अ‍ॅलेक इसिगोनिस या अभियंत्याने ‘मिनी’ ही छोटी गाडी घडवली, तिच्यात एंजिन आडवे ठेवून गिअरबॉक्स त्याच्या पोटाखालीच बसवली आणि पुढची चाके फिरवली. आपल्याकडे १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० चे एंजिनही आडवेच होते व जोर पुढच्याच चाकांना होता. अशा गाडीत एंजिन, गिअरबॉक्स आणि शेवटची दंतचक्रे यांचा एकच गठ्ठा असतो. त्यामुळे चाकांना मिळणाऱ्या सगळ्या पिळाची प्रतिक्रिया त्या गठ्ठ्याला झेलावी लागते.

आकडे घालून पाहा. पहिल्या मिनीचे एंजिन जास्तीत जास्त ६० न्यूटन-मीटर पीळ देई. पहिल्या गिअरमध्ये तो सुमारे ३.६ पट होई आणि शेवटच्या दंतचक्रांत पुन्हा सुमारे ३.८ पट. गुणाकार केला की ८२० न्यूटन-मीटरच्या आसपास येतो. एंजिन ज्या बैठकीवर बसले आहे तिच्यापासून ४० सेंटिमीटर उंचीवर एक दांडी लावून हा सगळा पीळ तिनेच रोखायचा म्हटले, तर तिच्यावर सुमारे २,००० न्यूटन बल येईल. म्हणजे दोन क्विंटल वजन टांगल्यासारखेच! मिनीला अशी दांडी खरोखरच असे. एंजिनाच्या वरच्या अंगापासून मागच्या पत्र्यापर्यंत गेलेली, दोन्ही टोकांना रबराच्या बुशा असलेली. तिच्याकडे आपण पुन्हा येणार आहोत.

मग एंजिन सरळ सांगाड्याला घट्ट आवळून का टाकत नाहीत? सुरुवातीच्या मोटारींत तसेच करीत. प्रत्येक ठोका बसणाऱ्यांच्या हाडांपर्यंत पोचे. १९३१ मध्ये अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीने आपल्या प्लिमथ गाडीचे चार सिलिंडरांचे एंजिन रबराच्या बैठकींवर अशा बेताने टांगले की, त्याच्या डुलण्याचा अक्ष त्याच्या गुरुत्वमध्यातून जावा. या योजनेला त्यांनी ‘तरंगती शक्ती’ अशा अर्थाचे नाव दिले. पुढच्याच वर्षी फ्रान्सच्या सित्रोएन कंपनीने ती वापरण्याचा परवाना घेतला आणि आपल्या गाड्यांवर पोहणाऱ्या हंसाचे चिन्ह लावले. तेव्हापासून मोटारीचे एंजिन रबरावर बसू लागले. आपल्या गॅरेजमध्ये या रबरी बैठकींना ‘फाउंडेशन’ म्हणतात.

रबर नेमके काय करते? एक प्रयोग करा. चार-पाच रबरबँड एकात एक गुंफून साखळी करा, खाली एक जड कुलूप बांधा आणि वरचे टोक हातात धरा. हात सावकाश वरखाली केला तर कुलूप हाताबरोबर जाते. वेग थोडा वाढवा. एका ठराविक लयीला कुलूप वेड्यासारखे नाचू लागेल. हे अनुस्पंदन. ती लय म्हणजे त्या कुलपाची व रबराची स्वाभाविक कंप्रता होय. आता हात त्याहून खूप जलद, पण थोडाथोडाच हलवा. गंमत अशी की, कुलूप जवळजवळ स्थिर राहते! हाताची हालचाल त्याच्यापर्यंत पोचतच नाही. मोटारीत हलणारी वस्तू एंजिन आणि स्थिर राहायला हवा तो सांगाडा, एवढाच फरक, गणित तेच.

चार सिलिंडरांच्या चतुर्धात एंजिनात प्रत्येक फेऱ्याला दोन स्फोट होतात. एंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत नुसते चालू असेल, तर सेकंदाला सुमारे २७ ठोके. ३,००० फेऱ्यांना १०० ठोके. रबरावरील एंजिनाची स्वाभाविक कंप्रता सेकंदाला १० आहे असे धरा. मग नियम असा निघतो की १० च्या सुमारे १.४ पट, म्हणजे १४ च्या वर गेले की रबर संरक्षण देऊ लागते आणि जितके वर जावे तितके ते संरक्षण वाढते. २७ ठोक्यांना हादऱ्याचा सुमारे सहावा हिस्सा सांगाड्यात उतरतो; १०० ठोक्यांना फक्त शंभरावा. एस. टी.चे कोडे सुटले! एंजिन मंद फिरते तेव्हा त्याचे ठोके त्याच्या बैठकीच्या, शिवाय काचांच्या आणि बाकांच्या, स्वाभाविक कंप्रतेच्या जवळपास रेंगाळत असतात.

या घडीत आता डॅम्पर आणून बसवा. कचेरीच्या दाराला आपोआप बंद करणारा नळकांड्याचा डोअर क्लोजर असतो ना, तोच प्रकार. दार सावकाश ढकलले तर तो फारसा अडवत नाही, जोराने ढकलले तर अडवतो. डॅम्परचे बल वेगाच्या प्रमाणात असते. तुम्ही स्थिर झालात की त्याचे बल संपले.

यातून पहिली गोष्ट निघते, जी विकणारा सहसा सांगत नाही. चढावर पहिल्या गिअरमध्ये गाडी सतत जोर लावून चढत असेल, तर एंजिन जितके कलायचे तितके कलणारच. डॅम्पर ते थांबवत नाही. कलायला थोडा वेळ लावतो, इतकेच. हां, क्लच सोडताना किंवा गिअर बदलताना एंजिन पुढेमागे दोन-चार हेलकावे खाते, ते मात्र डॅम्पर झटकन शमवतो. खड्ड्यातून गेल्यावर एंजिनाचे उसळणेही लवकर थांबते. पायाखालचा अ‍ॅक्सिलरेटर दाबताच गाडी अधिक तत्पर वाटते. बसवणारे जे सांगतात त्यात एवढे तथ्य आहे, तो मनाचा खेळ नव्हे.

पण दुसरी बाजू पाहा. समजा, क्लच सोडताना एंजिनाचा वरचा भाग दशांश सेकंदात १५ मिलिमीटर सरकतो. सरासरी वेग सेकंदाला १५ सेंटिमीटर. आणि हमरस्त्यावर ३,००० फेऱ्यांना तोच भाग फक्त दशांश मिलिमीटर आयामाने थरथरतो आहे, इतका की डोळ्यांना दिसूही नये. त्याचा कमाल वेग काढा: २ × ३.१४ × १०० × ०.१, म्हणजे सेकंदाला सुमारे ६३ मिलिमीटर, सव्वासहा सेंटिमीटर. हालचाल दीडशेपट लहान, पण वेग मात्र दोन-पंचमांश! डॅम्परला अंतर कळत नाही, वेग कळतो. तेव्हा त्या न दिसणाऱ्या थरथरीलाही तो तितक्याच इमानाने विरोध करतो. आणि विरोध करायचा म्हणजे तिचे बल सांगाड्याकडे पोचवायचे. रबराने जी वाट बंद केली होती, ती आपण पैसे देऊन पुन्हा उघडली.

किती उघडली? क्रांतिक अवमंदनाच्या, म्हणजे हेलकावा मुळीच न होण्यास जेवढे अवमंदन लागते त्याच्या, तीन-दशांश इतका डॅम्पर लावला तर २७ ठोक्यांना सांगाड्यात उतरणारा हादरा सहाव्या हिश्शावरून तीन-दशांशावर जातो, जवळजवळ दुप्पट. १०० ठोक्यांना एक टक्क्यावरून सहा टक्क्यांवर. रबरात स्वतःचे थोडे अवमंदन असतेच, म्हणून प्रत्यक्षात फरक याहून जरा कमी पडेल. पण दिशा हीच. डॅम्पर बसवल्यावर “स्टिअरिंगमध्ये झिणझिण्या येतात” अशी तक्रार होते, तिचे कारण हे.

आता ‘शक्ती वाया जाते’ हा दावा. एंजिन डुलते त्यात शक्ती खर्च होते म्हणे! हिशेब सोपा आहे. वरच्या उदाहरणात ४० सेंटिमीटर उंचीवर १५ मिलिमीटर सरकणे म्हणजे सुमारे दोन अंश कलणे. ८२० न्यूटन-मीटरने तेवढे कलताना रबरात साठणारी ऊर्जा सुमारे १५ जूल भरते. दीड किलोचे दप्तर मीटरभर उचलायला इतकी लागते. माणसांसह ७०० किलोग्रॅमची गाडी ताशी ३६ किलोमीटर वेगाला आणायला ३५,००० जूल लागतात. दोन हजारांत एक भागसुद्धा नाही, आणि त्यातलेही बरेचसे रबर परत देते. उलट डॅम्पर जे घेतो त्याची उष्णता करून टाकतो!

मग एंजिन भरमसाट डुलत असेल तर? तिथे मात्र विषय गंभीर होतो. मिनीच्या त्या दांडीच्या बुशा झिजल्या की एंजिन पुढेमागे झुले, क्लच सोडताना गाडी गचके खाई आणि धूर नेणाऱ्या नळीचा सांधा उसवे किंवा तडके. याहून मोठे उदाहरण अमेरिकेतले आहे. १९६५ ते १९६९ या काळातल्या शेव्हरोले गाड्यांत बैठकीचे रबर धातूपासून सुटे. मग जोर लावताच एंजिन एका अंगाने उचलले जाई आणि उचलताना अ‍ॅक्सिलरेटरची जोडणी आपल्याबरोबर ओढून घेई. परिणाम असा की, चालकाचा पाय वर असला तरी एंजिन आपले धावतेच! डिसेंबर १९७१ मध्ये जनरल मोटर्सला सुमारे ६७ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. दुरुस्ती कोणती केली असेल? डॅम्पर नव्हे. एंजिनाला एक साधी तारेची दोरी बांधली. एरवी ती सैल राहते, त्यामुळे थरथर पोचवत नाही; एंजिन मर्यादेबाहेर उचलले तरच ताणली जाते.

मोठी हालचाल अडवायची आणि लहान थरथर मोकळी सोडायची, ही खरी युक्ती. १९८० च्या दशकापासून पुष्कळ गाड्यांत आलेल्या द्रवभरल्या रबरी बैठकीही तेच करतात. त्यांच्या पोटातला द्रव मोठ्या हेलकाव्याला अरुंद वाटेने जातो व अडतो, तर बारीक थरथर आतल्या सैल पडद्यावरच जिरते. ज्या गाडीला अशा बैठकी आहेत तिला बाहेरून डॅम्पर जोडणे म्हणजे कारखान्याने विचारपूर्वक केलेले काम निस्तरणे होय, असे माझे मत आहे.

तेव्हा मामाला आधी गॅरेजमध्ये पाठवा. गाडी जुनी असेल तर फाउंडेशनचे रबर भेगाळले आहे का, तेलाने फुगले आहे का, धातूपासून सुटले आहे का, हे तिथला मिस्त्री विजेरीच्या उजेडात दाखवू शकेल. पुढची परीक्षा त्यानेच करावी, तुम्ही नव्हे: हँडब्रेक व पायाचा ब्रेक दाबून धरून, पहिला गिअर टाकून क्लच किंचित सोडायचा आणि एंजिन किती कलते ते दुसऱ्याने बाजूला, गाडीच्या पुढ्यात न येता, उभे राहून पाहायचे. नुसता अ‍ॅक्सिलरेटर दाबून चालणार नाही, कारण चाकांना पीळ गेलाच नाही तर त्याची प्रतिक्रिया येणार कोठून? रबर खराब निघाले तर ते बदलावे. फाटलेल्या बैठकीवर डॅम्पर बसवला तर गचके कमी होऊन मूळ रोग झाकला जाईल आणि शेव्हरोलेची गोष्ट आपण वाचलीच आहे.

रबर धडधाकट असेल आणि मामा रोज कचेरीत जाऊन येण्यापुरती गाडी चालवत असतील, तर डॅम्परचे पैसे वाचवावेत. मामांनी एंजिनाची ताकद वाढवून घेतली असेल किंवा ते शर्यतीत भाग घेत असतील, पुढची चाके उचल घेताना टणाटण उड्या मारत असतील, तर गोष्ट वेगळी. तिथे स्टिअरिंगच्या झिणझिण्या सोसून डॅम्पर घ्यायला हरकत नाही. मात्र सांगाड्याकडचे टोक कुठे जोडणार, ते आधी विचारा. पुष्कळ वेळा ते मडगार्डच्या काठाच्या बोल्टलाच अडकवून देतात. तो पत्रा मडगार्ड धरून ठेवण्यासाठी असतो. एंजिनाचे धक्के खाण्यासाठी नव्हे.