दहा हजार पावलं झाली, घामही निघाला; पण व्यायाम झाला का?

मे महिन्यात ऊर्जानगरच्या रस्त्यांवर लोक सकाळी लवकरच चालून घेतात, नंतर ऊन सोसत नाही. त्यात एक मित्र चक्क विंडचीटर घालून पळतो. का, तर जास्त घाम म्हणजे जास्त चरबी जळते! मग वजनकाट्यावर एक किलो कमी दिसतं आणि त्याचा फोटो ग्रुपवर येतो.

ते एक किलो म्हणजे जवळजवळ सगळं पाणीच. पाणी प्यायलं की वजन परत येतं. घाम येतो तो शरीर थंड ठेवायला. तो वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. विंडचीटरच्या आत तो नीट वाळतच नाही, आणि शरीर तापत राहतं. चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. तिथे असा प्रयोग म्हणजे उष्माघाताला आमंत्रण. चक्कर, मळमळ वाटली तर लगेच थांबा आणि सावलीत जा. कुणी बरळायला लागलं तर अंग ओलं करत दवाखाना गाठा.

आता पावलं. फोन तुमचे पाय बघत नाही. त्यातला ॲक्सेलरोमीटर फोनच्या वेगातला बदल मोजतो आणि हलण्यात चालण्यासारखा ताल दिसला की सॉफ्टवेअर एक पाऊल धरतं. म्हणून खड्ड्यांतून बाइक नेली तरी कधी आकडा वाढतो, आणि फोन चार्जिंगला लावून तासभर कबड्डी खेळलात तर शून्य! कॅलरी तर अंदाजावरचा अंदाज. ॲपमध्ये वजन दोन वर्षांपूर्वीचं असेल, तर आधी ते बदला. त्या आकड्यावर समोशांचा हिशोब करू नका.

आणि दहा हजारच का? १९६५ मध्ये जपानच्या यामासा कंपनीने 'मानपो-केई', म्हणजे 'दहा हजार पावलं मोजणारं यंत्र', बाजारात आणलं. नाव खपलं, आकडा चिकटला. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या वयस्कर महिलांवरचा एक अभ्यास आला. त्यात रोज सुमारे ४,४०० पावलं चालणाऱ्यांमध्येही मृत्यूचं प्रमाण २,७०० वाल्यांपेक्षा कमी दिसलं, आणि ७,५०० नंतर फारसा फरक उरला नाही. तरुणांना हा आकडा जसाच्या तसा लागू नाही, पण ८,००० वर थांबलात म्हणून दिवस वाया गेला नाही.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांसाठी मिनिटं मोजते: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम, शिवाय दोन दिवस ताकदीचा. मध्यम म्हणजे बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही. यासाठी घड्याळ पुरतं.

ऊन टाळायला पहाटे अंधारात निघत असाल, तर एकटे जाऊ नका आणि इयरफोन घरीच ठेवा. थर्मलच्या झुडपांत वाघ-बिबट्यांचा वावर आहे.