वहीतला तोटा

2020 च्या उन्हाळ्यात टाळेबंदीमुळे गडचिरोली जिल्ह्यातले आठवडी बाजार बंद होते. माझ्या ओळखीचा एक कापडवाला धानोरा, चामोर्शी, आरमोरी असे बाजार करत फिरतो. तेंदूपत्त्याचे पैसे हातात पडले की माणसं लुगडी घेतात, लेकरांचे कपडे घेतात, आणि त्या महिना-दोन महिन्यांच्या विक्रीवर त्याचं पावसाळाभर भागतं. त्या वर्षी नागपूरहून उधारीवर आणलेली गाठोडी घरातच पडून राहिली. पुढे कधीतरी कराचा विषय निघाला तेव्हा तो म्हणाला, "भाऊ, नफा झाला तं सरकार हिशेब मागते. तोटा झाला तं कोन विचारते?"

खरं म्हणजे आयकराचा कायदा तोट्याचीही विचारपूस करतो, आणि चांगली बारकाईने करतो. फक्त तो कोणाच्या तोट्याची करतो, ते पाहण्यासारखं आहे.

कापडाचाच धंदा घेऊ, पण जगभर पसरलेला. एच अँड एम या स्वीडिश कंपनीचा करपूर्व नफा 2019 मध्ये 1,739 कोटी क्रोना होता. 2020 मध्ये दुकानांना कुलपं लागली आणि तो 205 कोटींवर आला. नफा आठ-नऊ पटींनी घटला, तर कराचा बोजाही त्याच प्रमाणात हलका व्हायला हवा, असं आपल्याला वाटतं. रकमेने तो घटलाही. पण 2019 मध्ये करपूर्व नफ्यातला साधारण 23 टक्के वाटा करात गेला होता, तो 2020 मध्ये 39 टक्क्यांवर पोचला. धंदा बुडत असताना कराचं प्रमाण मात्र चढलं.

हे उलटं गणित समजायला दोन देश पुरेत. समजा एका देशात 60 रुपये नफा झाला आणि दुसऱ्यात 40 रुपये तोटा. मालकाच्या हाती उरले 20. पण पहिल्या देशाला दुसऱ्यातल्या तोट्याशी काही देणंघेणं नसतं. तो 20 टक्के दराने आपले 12 रुपये घेतो. म्हणजे 20 रुपयांच्या कमाईवर 12 रुपये कर! तोट्याला सहसा सीमा ओलांडता येत नाही. आमच्या कापडवाल्याचं या बाबतीत बरं आहे. चामोर्शीत बुडालं ते आरमोरीत भरून निघतं, कारण गल्ला एकच.

आता घरच्या दुकानाकडे येऊ. 2002 मध्ये पवईत पहिलं दुकान उघडणाऱ्या डीमार्टचा एप्रिल ते जून 2019 या तिमाहीतला निव्वळ नफा सुमारे 335 कोटी रुपये होता, तो पुढच्या वर्षी त्याच तिमाहीत 50 कोटींच्या आसपास आला. आपल्याकडे कंपन्या वर्ष संपायची वाट न पाहता आगाऊ कर भरतात : 15 जूनपर्यंत 15 टक्के, सप्टेंबरपर्यंत 45, डिसेंबरपर्यंत 75 आणि 15 मार्चपर्यंत सगळा. म्हणजे 2020 च्या जूनमध्ये, दुकानं धड उघडलेली नसताना, वर्षभराच्या नफ्याचा अंदाज बांधायचा होता. अंदाज कमी बांधला आणि धंदा सावरला, तर व्याज डोक्यावर.

तोटाच झाला तर काय, याची उत्तरं देशोदेशी वेगळी. अमेरिकेने 27 मार्च 2020 च्या कायद्याने कंपन्यांना 2018 ते 2020 चा तोटा पाच वर्षं मागे नेऊ दिला. मागे म्हणजे जुन्या नफ्यातून तो वजा करायचा आणि तेव्हा भरलेला कर परत घ्यायचा. गंमत अशी की 2018 आधी तिथला दर 35 टक्के होता आणि नंतर 21. तोटा स्वस्ताईतला, परतावा महागाईतला. आपल्या कायद्यात धंद्याचा तोटा मागे जात नाही. तो पुढे जातो, आठ वर्षं.

आयकियाने नवी मुंबईतलं दुकान 18 डिसेंबर 2020 रोजी, ऐन महामारीत उघडलं. अशा मोठ्या दुकानांना सुरुवातीची वर्षं तोटा गृहीतच असतो. तो इथेच साठतो आणि पुढच्या नफ्यावरचा कर वाचवतो. म्हणून ताळेबंदात असा तोटा चक्क मालमत्तेच्या बाजूला बसू शकतो. हिशेबनीस त्याला डेफर्ड टॅक्स ॲसेट म्हणतात. अट एकच : उद्या नफा होणार याची खात्री पटली पाहिजे. ती पटवणं सगळ्यांना जमत नाही. आमच्या बल्लारपूरचं नाव लावणारी कागद कंपनी बल्लारपूर इंडस्ट्रीज महामारी येण्याआधीच, जानेवारी 2020 मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली होती. उद्याचाच भरवसा नसेल तर साठलेला तोटा नुसता कागद.

आणि कापडवाला? त्याच्यासारख्यांसाठी सोपी वाट म्हणजे उलाढालीच्या 8 टक्के नफा गृहीत धरणं. 30 लाखांच्या उलाढालीवर 2 लाख 40 हजार. त्या वर्षी अडीच लाखांपर्यंत कर नव्हता, म्हणजे देणं शून्य. पण या वाटेवर तोटा नावाची चीजच नाही. तो दाखवायचा तर वह्या ठेवा, प्रसंगी लेखापरीक्षण करून घ्या. ज्याने करच भरलेला नाही, त्याला करातून सवलत देणार तरी कशी? सवलत करावाटे द्यायची म्हटलं की ती पोचते करदात्यापर्यंतच. मला यात कोणाचं कारस्थान दिसत नाही, पण न्यायही दिसत नाही.

कंपन्यांचा कर आटला त्याची झळ मात्र जंगलापर्यंत आली. देशाचं कंपनीकराचं उत्पन्न 2019-20 मध्ये 5.57 लाख कोटी रुपये होतं, ते 2020-21 मध्ये 4.57 लाख कोटींवर आलं. या करातला वाटा राज्यांना मिळतो आणि राज्यांच्या हिश्शातले सहा टक्क्यांहून थोडे अधिक महाराष्ट्राला. राज्याचा स्वतःचा महसूलही तेव्हा कोरडा पडला होता. 4 मे 2020 रोजी वित्त विभागाने विकासकामांसाठी ठरलेल्या निधीपैकी 33 टक्केच मिळेल असं कळवलं. पुण्या-मुंबईत असा निर्णय ही बातमी असते. सरकारी निधीवरच पूल आणि आश्रमशाळा उभ्या राहणाऱ्या गडचिरोलीसारख्या मागास जिल्ह्यात ते थांबलेलं काम असतं.

तोटा पुढे न्यायचा तर विवरणपत्र मुदतीत भरावं लागतं. 2020-21 चा तोटा ज्यांनी वेळेत नोंदवला, त्यांना तो 2028-29 पर्यंतच्या नफ्यातून वजा करता येईल. आमच्या कापडवाल्याने त्या वर्षी विवरणपत्र भरलंच नव्हतं.