दोनशे वर्षांनंतरही कामावर

लॉक म्हणजे पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली नेणारा, दोन्ही टोकांना दारं असलेला कालव्याचा कप्पा. अशा लॉकच्या पायऱ्यांवरून बोटीला डोंगर चढवता येतो. तिला लागणारं पाणी मात्र आपण होऊन चढत नाही. इंग्लंडमधल्या केनेट-एव्हन कालव्याचा माथ्याचा टप्पा जवळच्या भरवशाच्या पाण्यापेक्षा सुमारे ४० फूट उंच आहे. बोट कोणत्याही बाजूने उतरली तरी वरचं लॉकभर पाणी खाली जातं. ते भरून काढण्यासाठी विल्टशर परगण्यात क्रॉफ्टनचं पंपिंग स्टेशन उभं राहिलं.

जॉन रेनी या अभियंत्याने आखलेला हा कालवा १८१० मध्ये पूर्ण खुला झाला. क्रॉफ्टनला आज दोन इंजिनं आहेत. एक बोल्टन आणि वॉट कंपनीचं, १८१२ चं. दुसरं कॉर्नवॉलमधल्या हार्वे कारखान्याचं, १८४६ चं. पहिलं बसलं तेव्हा पुण्यात पेशवाई होती. मूळ जागी राहून मूळ काम करू शकणारं जगातलं सर्वांत जुनं बीम इंजिन म्हणून ते ओळखलं जातं.

त्याची रचना डोळ्यांनी समजते. वर ओतीव लोखंडाची अजस्र तुळई मध्यावर तोललेली. एका टोकाला सिलिंडरमधला दट्ट्या, दुसऱ्या टोकाला पंपाचा दांडा. दट्ट्याच्या वर वाफ येते. खालची वाफ वेगळ्या कंडेन्सरमध्ये गार होऊन तिचं पाणी बनतं आणि पोकळी तयार होते. दट्ट्या खाली दाबला जातो, पंपाचं टोक पाणी घेऊन वर येतं. झडपा बदलल्या की दांड्याच्या वजनाने तुळई पुन्हा उलटी झुकते. मिनिटाला साधारण अकरा हेलकावे, आणि प्रत्येकात जवळपास टनभर पाणी.

पाहुण्यांना थेट तुळईच्या मजल्यापर्यंत जिने चढून जाता येतं. मोठ्या यंत्राकडून आपण गडगडाटाची अपेक्षा ठेवतो. इथे वाफेचा सुस्कारा आणि झडपांची खटखट तेवढी ऐकू येते. खाली बॉयलरच्या भट्टीत फावड्याने कोळसा टाकणारे, तेल घालणारे, झडपा सांभाळणारे बहुतेक जण स्वयंसेवक आहेत.

हे सगळं भंगारात जाण्याच्या बेतात होतं. १८५२ मध्ये कालवा ग्रेट वेस्टर्न रेल्वेने घेतला आणि मालवाहतूक रुळांकडे वळली. १९५८ मध्ये धुराड्याचा वरचा भाग धोकादायक ठरवून उतरवला गेला. भट्टीला हवेची ओढ पुरेना, आणि वाफेचं काम थांबलं. १९६८ मध्ये कालव्याच्या ट्रस्टने स्टेशन विकत घेतलं, १९७० मध्ये १८१२ चं इंजिन पुन्हा चालू झालं. धुराड्याला पूर्ण उंची मिळायला मात्र १९९० चं दशक उजाडलं.

एरवी पाणी विजेचे पंप चढवतात. वाफेच्या दिवशी ते बंद ठेवून काम या इंजिनांवर सोपवलं जातं. पंपातून पडणारं पाणी पाटाने खरोखर माथ्याच्या टप्प्याकडे जातं. २००९ मध्ये विजेचे पंप बिघडले, तेव्हा कालव्याची मदार याच म्हाताऱ्यांवर होती.

क्रॉफ्टनचं खरं मोठेपण इथे आहे. रंगरंगोटी करून काचेआड ठेवलेलं यंत्र टिकतं, पण ते चालवायचं कसब हातांतून निघून जातं. इथे लोखंडाबरोबर त्याचं काम आणि कारागिरीही जपली आहे. जाणार असाल तर इंजिनं वाफेवर चालण्याचे दिवस आधी बघून घ्या. ते वर्षातून मोजकेच असतात.